ऑपरेशन झालं, पाय मात्र अजून दुखतोय

वाचकांचे प्रश्न, मणक्याच्या सर्जन आणि फिजिओथेरपिस्टची उत्तरं

या वेळच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला. दुर्बिणीतून किंवा छोट्या छेदातून मणक्याचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, कंबरही बरी आहे, पण पाय दुखायचा थांबत नाही. पत्रांना एमआरआयचे रिपोर्ट जोडले आहेत. आम्हाला त्याआधी हवी असते ती तारीख. दुखणं ऑपरेशननंतर एक दिवसही थांबलं नाही, थांबून परत आलं, की पूर्वी नव्हतं असं नवंच सुरू झालं? या तिघांची कारणं वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या. दुसरी गोष्ट दुखण्याचा रस्ता: कुल्ल्यापासून निघून ते नेमकं कुठल्या बोटापर्यंत जातं. या दोन गोष्टी कागदावर लिहून नेल्यात तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

आधी तातडीचं. पुढच्यापैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. ऑपरेशन झालं तिथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच जा.

लघवी तुंबणं किंवा नकळत होणं. सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं. पाऊल लुळं पडून चप्पल निसटणं. ऑपरेशननंतर पहिल्या काही तासांत वा दिवसांत पायातली ताकद उतरत जाणं, कारण आत रक्त साचून शिरांवर (मज्जातंतूंवर) दाब येत असू शकतो. जखमेतून पाण्यासारखा द्रव येणं आणि उठून बसलं की डोकं ठणकून आडवं झाल्यावर थांबणं, म्हणजे शिरांभोवतीच्या पडद्याला छिद्र पडल्याची शंका.

एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांना टेप लावा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून घ्या. फरक कमी असला तरी सूज नवी असेल तर डॉक्टरांना दाखवाच. त्या पोटरीला मालिश मुळीच करू नका. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर अँब्युलन्स बोलवा.

दोन-तीन आठवड्यांनी कंबर अशी धरली की रात्री कूसही बदलवत नाही, तर ताप नसला तरी दोन मणक्यांमधल्या गादीत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, सगळ्यांचाच चढतो, पण दोन-तीन आठवड्यांत तो खाली यायला हवा. पुन्हा चढत असेल तर एमआरआय लागतो. आपल्याकडे क्षयाचा विचारही करावाच लागतो, म्हणून शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी सुईने नमुना काढून साध्या कल्चरबरोबर क्षयाचीही चाचणी व्हावी.

प्रश्न: वय ४६, राहणार कासारवडवली, नोकरी बीकेसीत. एल-४ आणि एल-५ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) मधली गादी सरकून डावी शीर दबली होती. पाच आठवड्यांपूर्वी मायक्रोडिसेक्टॉमी, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा बाहेर आलेला भाग काढण्याचं ऑपरेशन, झाली. शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गेलेली होती, दोन दिवस अगदी हलकं वाटलं. चौथ्या दिवसापासून पावलाचा वरचा भाग जळजळतो, रात्री मुंग्या येतात, अंगठा जड वाटतो. सर्जन म्हणतात, वेळ द्या. किती? की ऑपरेशन फसलं?

उत्तर: तुम्ही तारखा नीट लिहिल्यात, त्यावरून ऑपरेशन फसलंय असं वाटत नाही. कुल्ल्यापासून पायात उतरणारी कळ शुद्धीवर येताच गेली, याचा अर्थ शिरेवरचा दाब निघाला. पहिले दोन दिवस हलके गेले त्यात भुलीचा आणि स्टिरॉइडचाही वाटा असू शकतो. बरेच सर्जन जखम बंद करण्याआधी शिरेवर स्टिरॉइड सोडतात किंवा सलाइनमधून डेक्सामेथासोन देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा असर ओसरतो आणि शिरेची सूज जाणवायला लागते. टाके काढायला आलेल्या रुग्णांकडून हेच वेळापत्रक ऐकायला मिळतं.

सूज का येते तेही समजून घ्या. गादीच्या आतला गर शिरेला नुसता दाबत नाही, त्यातली रसायनं शिरेला चिडवतात. तो गर काढायला सर्जनला शीर काही मिलिमीटर बाजूला ओढून धरावी लागते. कातडीवरचा छेद दोन-अडीच सेंटिमीटरचा असला तरी आत शिरेला हात लावावाच लागतो. छोट्या छेदाने स्नायू वाचतात, रक्त कमी जातं, माणूस त्याच दिवशी चालतो. आधीच महिनोन्‌महिने दबलेल्या शिरेचं बरं होणं मात्र नुसत्या छोट्या छेदाने लवकर होत नाही. ऑपरेशनआधी हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि मग "दुर्बिणीतून केलं तरी का दुखतंय" हा प्रश्न घरभर फिरत राहतो.

तुमचा रस्ता एल-५ शिरेचा आहे: मांडीची बाहेरची बाजू, नडगीची बाहेरची कड, पावलाचा वरचा भाग, अंगठा. तिच्या खालची एस-१ शीर असती तर पोटरी, टाच आणि करंगळीची कड दुखली असती. शीर सुधारते तेव्हा साधारण एक क्रम असतो. आधी कळ जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. कळ आणि जळजळ बहुतेकांची सहा आठवडे ते तीन महिन्यांत बरीच उतरते. मुंग्या आणि बधिरपणाला वर्षसुद्धा लागतं. शिरेचं नुसतं वेष्टण चेपलं असेल तर काम आठवड्यांत होतं. आतले तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर अंतर आहे. मध्येच मुंग्यांची जागा बदलली, नडगीवरच्या मुंग्या जाऊन पावलावर आल्या, तर घाबरू नका.

अंगठा नुसता जड वाटतो की खरंच कमजोर आहे हे आजच पाहा. खुर्चीत बसून दोन्ही अंगठे वर उचला, घरातल्या कुणाला तरी नखावर बोट ठेवून खाली दाबायला सांगा. डावा सहज खाली जातो का? मग भिंतीला हात टेकून टाचांवर दहा पावलं चाला. दर रविवारी हीच परीक्षा. जोर तेवढाच राहिला किंवा वाढला तर वाट पाहता येते. कमी झाला तर सहा आठवड्यांच्या भेटीपर्यंत थांबू नका.

औषधांबद्दल. साध्या वेदनाशामक गोळ्या जळजळीवर फारशा चालत नाहीत, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत त्या बरेच दिवस घेतल्या तर मूत्रपिंडावर येतं. गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन सुरू केलं असेल तर ते रात्रीच्या छोट्या डोसपासून, गॅबापेंटिन १०० ते ३०० मिलिग्रॅम किंवा प्रीगाबालिन ७५, आणि दर काही दिवसांनी वाढवत नेलेलं बरं. सकाळी गरगरणं, घोट्यांना सूज, वजन वाढणं हे त्याचे त्रास. दारू बंद. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सोडू नका, किमान आठवडाभरात उतरवा. या गोळ्यांचा सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही. सायटिकावर, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर, प्रीगाबालिन देऊन पाहिलेला, २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे. आठ आठवड्यांनंतर खऱ्या गोळीत आणि नुसत्या दिसायला तशा गोळीत पायाच्या दुखण्याचा ठळक फरक निघाला नाही. ते रुग्ण ऑपरेशननंतरचे नव्हते, पण धडा इतकाच घ्या की योग्य डोसवर महिनाभरात काहीच फरक पडला नाही तर डोस वाढवत बसण्यापेक्षा गोळी बदलण्याबद्दल विचारा.

व्यायामात एकच चूक वारंवार होते: पाय ताणणं. मांडीमागचे स्नायू आखडलेत असं समजून लोक पाय सरळ करून अंगठे पकडायला जातात. ताणली जाते सुजलेली शीर, आणि रात्री जळजळ दुप्पट होते. त्याऐवजी शीर हलकेच सरकवायची. खुर्चीत ताठ बसा. डावा गुडघा सरळ करत पाऊल वर उचला, त्याच वेळी मान मागे न्या. मग गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे आणा. एक टोक ताणलं जातं तेव्हा दुसरं सैल सुटतं, म्हणून शीर ताणली न जाता पुढेमागे सरकते. दहा वेळा, दिवसातून दोनदा, कळ सुरू होण्याच्या अलीकडेच थांबून. करून झाल्यावर अर्ध्या तासानंतरही मुंग्या वाढलेल्या असतील तर गुडघा सरळ करण्याचा कोन कमी करा.

वहीत रोज दोन आकडे लिहा: रात्रीचं दुखणं दहापैकी किती, आणि किती मिनिटं चाललं की पाय बोलायला लागतो. चार आठवड्यांचे आकडे सुधारत असतील तर वाट पाहणं योग्य. तीन महिने झाले आणि आकडे जागचे हलले नाहीत, तर नवा एमआरआय मागा.

प्रश्न: ऐरोली, वय ३८, शिक्षिका. कमरेच्या बाजूने दुर्बीण घालून जागेपणीच ऑपरेशन झालं, छेद एक सेंटिमीटरपेक्षा लहान. आठवडाभर उत्तम. नवव्या दिवशी नडगीला आग सुटली. साडीचा काठ, चादरही सहन होत नाही. जखमेत काही बिघडलं का?

उत्तर: दुर्बीण बाजूने, दोन मणक्यांमधल्या शिरेच्या खिडकीतून आत गेली. त्याच खिडकीत शिरेचा एक फुगीर भाग असतो, संवेदनांच्या पेशींचा गुच्छ. दुर्बिणीची नळी साधारण ७-८ मिलिमीटर जाडीची असते आणि खिडकी काही फार मोठी नसते. नळीचा दाब, रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता, कधी थोडं रक्त, यांपैकी कशानेही तो गुच्छ चिडतो. हा त्रास लगेच सुरू न होता काही दिवसांनी, अगदी दुसऱ्या आठवड्यातही येतो, म्हणून रुग्णाला वाटतं आपण काहीतरी चुकीचं केलं. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही.

ओळख हीच: नुसता स्पर्श झोंबतो, पण पाय उचलून सरळ केला तर पूर्वीसारखी कळ जात नाही, आणि ताकद शाबूत असते. पाय उचलताच जुनी कळ निघत असेल तर मात्र गादीचा तुकडा आत राहिला किंवा नवा बाहेर आला असं धरून एमआरआय करावा लागेल. ताप, जखमेला लाली किंवा स्राव नाही ना, तेही एकदा दाखवून घ्या.

बहुतेकांची आग काही आठवड्यांत, जास्तीत जास्त दोन-तीन महिन्यांत विझते. रात्रीच्या गॅबापेंटिनचा इथे पहिल्या पत्रातल्या त्रासापेक्षा जास्त उपयोग होतो असा अनुभव आहे. सहन होत नसेल तर त्याच शिरेभोवती सी-आर्मखाली (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली) स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. बर्फ त्वचेवर लावू नका, बधिर कातडीला भाजल्यासारखं होतं. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. मऊ सुती कापडाने दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं, दुखऱ्या भागाच्या कडेपासून आत हलकं चोळा. आठवड्याने थोडं खरखरीत कापड घ्या, पुढे टॉवेल. मेंदूला तो स्पर्श पुन्हा साधा वाटू लागतो. शाळेत जाताना साडीऐवजी सैल सलवार काही दिवस सोयीची पडेल.

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे, पंधरा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. कोपरखैरणेत सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. नळीतून केलेल्या ऑपरेशनने मणक्यातली अरुंद जागा मोकळी केली. दोन महिने झाले, पाचशे पावलांवर दोन्ही पाय भरून येतात. ऑपरेशनआधीही अगदी असंच होतं. एमआरआयवाले म्हणतात जागा मोकळी आहे.

उत्तर: "अगदी असंच" हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुखणं एक दिवसही हललं नसेल तर दोन शक्यता. दाब पुरता निघाला नाही, किंवा पायाच्या दुखण्याचं कारण मुळात फक्त मणक्यात नव्हतंच.

तुमचा जिना इथे कामाला येईल. मणक्यातली जागा अरुंद असली की माणसाला पुढे वाकून बरं वाटतं. त्यामुळे जिना चढणं त्या मानाने सोपं जातं, उतरताना कंबर मागे जाते आणि पाय भरतात. बसलं की मिनिटा-दोन मिनिटांत आराम. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या असतील तर उलट: चढताना पोटऱ्या धरतात, आणि आरामासाठी बसावं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. बाबांना विचारा, त्रास चढताना की उतरताना? भाजीची ट्रॉली ढकलत वाकून चाललं तर जास्त अंतर जमतं का? मग पावलाच्या वर, अंगठ्याच्या रेषेत, आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करतात, तो ०.९ पेक्षा कमी आला तर रक्तवाहिन्यांचा आजार धरतात. पंधरा वर्षांच्या मधुमेहात ही तपासणी खरं तर ऑपरेशनआधी व्हायला हवी. मधुमेहाने वाहिन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो, तेव्हा डॉपलर करावा.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये, त्यातून शाकाहारी असतील तर, बी-१२ कमी पडतं. रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की पायांत मुंग्या, तळवे गादीवर चालल्यासारखे. मधुमेहाचा स्वतःचा शिरांचा त्रास मोजे घातल्यासारखा दोन्ही पावलांत सारखा असतो आणि रात्री वाढतो. तो मणक्याच्या ऑपरेशनने जाणार नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ताब्यात आणून तो वाढू न देणं एवढंच हाती आहे.

खुब्याचा सांधाही पाहा. जांघेत दुखणं, मोजे घालायला किंवा पायाची नखं कापायला त्रास, मांडी घालता न येणं, ही सगळी खुब्याची लक्षणं. ओटीपोटाचा साधा एक्स-रे त्याचं उत्तर देतो.

हे सगळं निर्दोष निघालं तर एमआरआयची सीडी, नुसता छापील रिपोर्ट नव्हे, सर्जनपुढे ठेवा. मधली मोठी वाट मोकळी दिसते, पण शीर बाहेर पडते ती बाजूची खिडकी किंवा तिच्या अलीकडचा कोपरा अरुंद राहिलेला असू शकतो, आणि रिपोर्टमध्ये त्यावर एक ओळही नसते. ऑपरेशनच्या नोंदीत कुठल्या पातळीवर काम झालं ते एमआरआयशी जुळवा. काही माणसांत शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या हाडाशी जोडलेला असतो, किंवा एक मणका जास्तीचा मोकळा असतो, आणि मोजणी एका घराने चुकू शकते.

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे, वय ३३. ऑपरेशननंतर तीन महिने काही त्रास नव्हता. मागच्या सोमवारी २० लिटरचा पाण्याचा जार डिस्पेन्सरवर चढवला. रात्री शिंकलो आणि उजव्या पायात तीच जुनी कळ.

उत्तर: तीन महिने कोरे आणि मग त्याच पायात तीच कळ, हे गादी पुन्हा सरकल्याचं चित्र आहे. सर्जन फक्त बाहेर आलेला आणि आत सुटा झालेला गर काढतात. बाकी गादी जागेवरच असते आणि ज्या फटीतून गर आला ती फट नुसत्या व्रणाने भरते. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना हे होतं, हा सर्जनचा दोष धरू नका. भरलेला जार २० किलोच्या वर असतो. तो कमरेच्या उंचीवरून छातीपर्यंत नेताना शरीरापासून लांब धरावा लागतो आणि वर अंग पिळून पालथा करावा लागतो; वजन, अंतर आणि पीळ तिन्ही एकदम. घरचा भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा. ही दोन कामं तुमच्याकडून कायमची काढून घ्या: जारसाठी खाली जार ठेवायचा पंप मिळतो, सिलिंडर आणणाऱ्याकडूनच जागेवर ठेवून घ्यावा.

एमआरआय करायचा तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन करा. ऑपरेशनचा व्रण आणि नवा तुकडा साध्या फोटोत सारखे दिसतात. रसायन दिल्यावर व्रणात रक्तपुरवठा असल्यामुळे तो उजळतो, तुकडा काळाच राहतो. क्रिएटिनिन आधी तपासावं लागतं. ऑपरेशनच्या पहिल्या सहा आठवड्यांत मात्र घाईने काढलेला एमआरआय फसवतो, तेव्हा आतली सूज हुबेहूब गादीसारखी दिसते आणि तो पाहून नको ती दुसरी शस्त्रक्रिया होण्याची भीती असते.

ताकद शाबूत असेल तर पहिल्यांदा सायटिका झाला तेव्हासारखेच उपाय: दोन-तीन दिवसांची विश्रांती, मग थोडं थोडं चालणं, गोळ्या, गरज पडली तर शिरेभोवती इंजेक्शन. सहा-आठ आठवड्यांत बरेच जण ऑपरेशनशिवाय सुटतात. नाहीच सुटलं तर दुसरी डिसेक्टॉमी होते. तिचा फायदा पहिल्याइतकाच मिळू शकतो, फक्त व्रणामुळे पडद्याला छिद्र पडण्याचा धोका जास्त. लगेच स्क्रू घालायला सांगितलं तर कारण विचारा. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका सरकत असेल किंवा गादी वारंवार सरकत असेल तर स्क्रूला अर्थ आहे. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांतलं काही असेल तर ते दोन्ही परिस्थितींत बंद करा. निकोटिनने गादीचा उरलासुरला पुरवठा आटतो आणि हाड जुळत नाही.

प्रश्न: नेरुळ. आईला छोट्या छेदांतून चार स्क्रू आणि पिंजरा (गादीच्या जागी ठेवतात तो आधार) बसवला. आधी डावा पाय दुखायचा, तो थांबला. शुद्धीवर आल्यापासून उजवा दुखतो, मांडीपासून नडगीपर्यंत. डॉक्टर म्हणतात सूज.

उत्तर: नवा पाय, नवा रस्ता, आणि भुलीतून उठल्या क्षणापासून. इथे वाट पाहत बसू नका, पातळ कापांचा सीटी स्कॅन या आठवड्यात करा. मणक्याच्या ज्या खांबातून स्क्रू जातो त्याच्या खालून त्याच क्रमांकाची शीर जाते. स्क्रू आतल्या किंवा खालच्या भिंतीतून एक-दोन मिलिमीटर बाहेर आला की शिरेला टेकतो. एमआरआयमध्ये धातूमुळे तिथेच फोटो फाटतो, म्हणून स्क्रूसाठी सीटी. स्क्रू टेकत असेल तर तो लवकर काढून जागा बदलावी, सूज म्हणून महिने घालवले तर शीर कायमची बिघडू शकते. स्क्रू बरोबर असतील तर दुसरी शक्यता: पिंजऱ्याने कमरेचा बाक बदलला आणि आधीच अरुंद असलेली उजवी खिडकी आणखी मिटली. तीही सीटीतच दिसते. सर्जनला हा प्रश्न तोंडावर विचारण्यात काही गैर नाही.

प्रश्न: खारघर. ऑपरेशननंतर फक्त मांडीची बाहेरची बाजू बधिर आणि चुरचुरते, गुडघ्याखाली काही नाही.

उत्तर: पालथं झोपवताना कमरेच्या हाडाखाली जी उशी असते, तिने जांघेच्या टोकाची कातडीची शीर दबते. तिचा मणक्याशी संबंध नाही, तिच्यात ताकदीचे तंतूच नाहीत. घट्ट पट्टा, घट्ट जीन्स आणि कमरेचा बेल्ट टाळा. काही आठवडे ते महिन्यांत जातं.

प्रश्न: कळवा. ऑपरेशनला तीन आठवडे झाले, घणसोलीला कामावर जायचं आहे. लोकल की रिक्षा? बेल्ट बांधावा का? जमिनीवर कधी बसू?

उत्तर: ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची असेल तर गर्दीची वेळ टाळून उभ्याने जा, दांडी धरून, पाय थोडे फाकवून. लोकलमध्ये उभं राहणं तुमच्या शिरेला रिक्षात बसण्यापेक्षा सोपं, कारण बसल्यावर गादीवरचा दाब वाढतो आणि रिक्षा प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ठोकते. चढता-उतरताना लोंढ्यातला धक्का हाच खरा धोका, तेव्हा दोन-तीन गाड्या सोडाव्या लागल्या तरी सोडा. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत दुचाकी सहा आठवड्यांपर्यंत नकोच. चारचाकी उजव्या पायाने जोरात ब्रेक दाबता येतो आणि गुंगीच्या गोळ्या थांबल्यात, तेव्हाच.

खुर्चीत सलग अर्धा तासच, मग उठून दोन मिनिटं चाला. फोनवर गजर लावा, लक्षात राहत नाही. सहा आठवड्यांपर्यंत ५ किलोच्या वर काही उचलू नका. लॅपटॉपची बॅग, डबा, पाण्याची बाटली एकत्र वजन करून पाहा, आकडा पाहून दचकाल. नुसत्या डिसेक्टॉमीनंतर बेल्टची सहसा गरज नसते. प्रवासापुरता बांधायचा तर बांधा, घरी काढा. जमिनीवर मांडी आणि उकिडवं बसणं सहा आठवड्यांनंतर, तेही आधी पाटावर. पाय लुळावलेला असेल तर मांडी घालूच नका, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणारी शीर मांडी घातल्यावर दबते आणि पाऊल आणखी पडतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

चालायला सपाट जागा निवडा. तलावपाळीची फेरी किंवा वाशीचं सागर विहार पहाटे बरं. दहा मिनिटांनी सुरुवात, दिवसातून तीनदा, दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. कळ गुडघ्याखाली उतरली की त्या दिवशी तेवढंच.

प्रश्न: ठाणे पूर्व, कोपरी. चौदा महिने झाले. दोन एमआरआय, एनसीव्ही (शिरांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी), सगळं "ठीक". पाय रोज जळतो. एकाने पुन्हा उघडून पाहू म्हटलं, एकाने पाठीत मशीन बसवा म्हटलं.

उत्तर: फोटोत दाब दिसत नसेल तर "उघडून पाहू" याला आमचा स्पष्ट विरोध आहे. नुसता व्रण सोडवायला केलेल्या ऑपरेशनने नवा व्रण तयार होतो आणि दुखणं बहुधा परत येतं.

तुमचं दुखणं खोटं नाही. या अवस्थेला पूर्वी "फसलेलं ऑपरेशन" असं नाव होतं. ते रुग्णावर आणि सर्जनवर दोघांवर अन्याय करणारं म्हणून आता "टिकून राहिलेलं मणक्याचं दुखणं" म्हणतात. दाब गेल्यावरही शीर आणि मेंदूतली तिची वाट संदेश पाठवत राहते.

पुढची पायरी एका शिरेला सुन्न करून पाहणं. सी-आर्मखाली संशयित शिरेभोवती लिग्नोकेन आणि स्टिरॉइड देतात. पहिले सहा तास दर तासाला दुखणं दहापैकी किती ते लिहा. सुन्नपणाच्या त्या दोन-तीन तासांत दुखणं निम्म्याहून उतरलं तर शीर सापडली. काहीच फरक नाही तर कारण दुसरीकडे, बहुधा कुल्ल्याचा सांधा किंवा स्नायू. मधुमेह असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. गोळ्यांमध्ये ड्युलोक्सेटिन किंवा रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिलं गेलंय का ते जुन्या चिठ्ठ्यांत पाहा. वयस्कांना, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना अ‍ॅमिट्रिप्टिलिनने लघवी तुंबू शकते.

मशीन म्हणजे मज्जारज्जूच्या पाठीमागे बसवलेल्या तारा आणि कातडीखालची बॅटरी. खर्च लाखांत. ती कायमची बसवण्याआधी आठवडाभर फक्त तारा घालून, बॅटरी बाहेर ठेवून चाचणी करतात. त्या आठवड्यात दुखणं निम्म्याने कमी झालं, झोप लागली, चालणं वाढलं, तरच पुढे जा. चाचणी न करता थेट बसवायला सांगितलं तर दुसरं मत घ्या. त्यासाठी निघताना ऑपरेशनची मूळ नोंद, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही एमआरआयच्या सीडी, स्क्रू असतील तर त्यांचं स्टिकर, आणि आजवरच्या गोळ्यांची डोस आणि दिवसांसकट यादी सोबत न्या.